असा माणूस इथं नाही

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास कर्नाटकातल्या हुमनाबादच्या हायवेवरच्या एका गॅरेजात फोन वाजला. मालक प्रभुलिंग यांनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. हातोड्यांच्या आवाजात त्यांना दुसरं ऐकू येत नाही. पलीकडून एका बाईने स्वच्छ हिंदीत विचारलं, "अनिलकुमार मायाप्पा आपके यहाँ काम करते हैं?"

"ऐसा कोई आदमी नै इदर," प्रभुलिंग म्हणाले आणि फोन ठेवला.

अनिलकुमार चार हात अंतरावर लॉरीखाली पडून ब्रेकचे लायनर बसवत होता. त्याने सगळं ऐकलं आणि रिवाजाप्रमाणे हातातला पाना थांबवून गप्प राहिला.

हा रिवाज बारा वर्षांचा आहे. तेव्हा घाटात एका लॉरीचा ब्रेक गेला. दुसऱ्या दिवशी गॅरेजात फोन आला, की ब्रेकचं काम कोणी केलं? जुने मिस्त्री नागप्पा यांचं नाव प्रभुलिंग यांनी सरळ सांगून टाकलं. नागप्पा चार दिवस ठाण्यात बसून होते. तपासात चूक ड्रायव्हरची निघाली, पण नागप्पा पुन्हा ब्रेकला हात लावायला तयार झाले नाहीत. तेव्हापासून अनोळखी आवाजाने कोणाचंही नाव घेतलं, की तो माणूस इथं नसतो. अनिलकुमारनेही इतरांसाठी हे उत्तर अनेकदा दिलेलं आहे.

अनिलकुमार एकतीस वर्षांचा, जवळच्या दुबलगुंडी गावचा. वडील मायाप्पा मेंढरं राखायचे. ती विकून त्यांनी मुलाला आयटीआयला घातलं. गेली नऊ वर्षं तो या गॅरेजात ब्रेक आणि गिअरबॉक्सचं काम करतो. पगार हातात मिळतो, हजेरीचं पुस्तक नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगार व्हिसाची तयारी सुरू केली. इंग्रजीच्या परीक्षेत दुसऱ्या प्रयत्नात पास झाला, तरी गुण कमीच पडत होते. तिथल्या एखाद्या राज्याच्या सरकारने शिफारस केली, तरच गुण पुरणार होते. त्यासाठी नऊ वर्षांच्या कामाचा एकमेव पुरावा होता प्रभुलिंग यांचं पत्र.

एजंट त्याने धरला नाही. आधी कलबुर्गीच्या एका एजंटाने त्याचे मूळ मार्कमेमो, म्हणजे गुणपत्रिका, ठेवून घेतले होते. ते परत मिळवायला तीन आठवडे गेले. म्हणून बसस्टँडजवळ कॉम्प्युटर सेंटर चालवणाऱ्या सौम्याकडे बसून त्याने अर्ज स्वतःच भरला. आई बाणूबाई यांना सौम्याचाही भरवसा नव्हता. "त्या पोरीला आपलं येवढं कामून पडलंय? इचार की एकदा."

प्रभुलिंग यांनी पत्र द्यायला महिना लावला. "कागद कशाला पायजे तुला? समोर गॅरेज टाकायलास का?"

"न्हाई अण्णा. परदेशात जायचंय."

"समोरच्या वसंतनं बी असंच म्हणलं होतं. अन् रस्त्याच्या पलीकडं गेला."

शेवटी शिक्का मारला, खाली मोबाइल नंबर लिहिला. त्याच नंबरावर मंगळवारी फोन आला.

शुक्रवारी सौम्याने ईमेल वाचून दाखवला. मालकाने अशी व्यक्ती नोकरीत नसल्याचं सांगितलं आहे. चौदा दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल.

"मुद्दाम केलं त्यानं," अनिलकुमार म्हणाला. "ब्रेकवाला गेला तर गॅरेज बसतंय त्याचं."

"फोन मंगळवारी अकराला झालाय. तुम्ही कुठे होता?"

"तिथंच. लॉरीखाली."

खुलाशात सौम्याने घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. अनिलकुमारने गॅरेजात जाऊन सांगितलं, की ती बाई त्या सरकारची दुभाषी होती.

"सरकार तिकडचं अन् हिंदी कशी बोलायलीय?" प्रभुलिंग यांनी विचारलं. "आजकाल असेच फोन येऊन लोक लुटायलेत. अन् उद्या तू गेलास, मागं एखाद्या गाडीचा ब्रेक गेला, तर तुझं नाव सांगून मी अडकू?"

"अण्णा, तुमी न्हाई म्हणलं तर मी नऊ वर्षं कुठं होतो?"

नवव्या दिवशी पुन्हा तोच आवाज आला. प्रभुलिंग यांनी आधी विचारलं, "किसकी गाडी का ब्रेक फेल हुआ?"

"किसी का नहीं."

"फिर पत्र में तीसरी लाइन क्या लिखा है, पढो."

बाईने वाचली. एअर ब्रेकची दुरुस्ती, जुळणी आणि तपासणी. प्रभुलिंग यांनी लॉरीखाली एक नजर टाकली.

"है. नौ बरस से है," ते म्हणाले. पुढची अकरा मिनिटं ते कामाबद्दलच बोलले. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "गप पडून ऐकलास ना? आता त्या पलीकडच्या ब्रेकड्रमला हात लाव."

महिन्याभराने शिफारस मिळाली. आता व्हिसासाठी नावावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला हवा होता. त्याचा अर्ज करून पाच दिवस झाले होते.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. "पोलीस ठाण्यातून बोलतोय. अनिलकुमार तुमच्याकडे आहे का?" एवढंच कन्नडमधून विचारलं. प्रभुलिंग यांनी फोनवर तळहात ठेवला. आदल्या संध्याकाळी अनिलकुमारने ब्रेक करून दिलेली एक लॉरी हैदराबादकडे गेली होती.

"ठाण्यातून हाय रं. काय सांगू?"

अनिलकुमार लॉरीखालून बाहेर आला. हात पुसले आणि फोन घेतला.

"मीच अनिलकुमार," तो कन्नडमध्ये म्हणाला. फोन दाखल्यासाठी की त्या लॉरीसाठी, हे पलीकडच्याने अजून सांगितलं नव्हतं.