तिसऱ्या फेरीनंतरचा ठोका

मी गेले ती त्यांची फजिती बघायलाच. खोटं कशाला सांगू?

आखाड लागला की कापसाच्या बाजाराचं आवार रिकामं असतं. गणपतीसाठी आमचं ढोल-ताशा पथक तिथल्या पत्र्याच्या शेडखाली सरावाला उतरतं. 'आमचं' म्हणायची सवय अजून जात नाही. सात वर्षं सगळ्यांच्या पुढे माझा ताशा होता आणि मागे चाळीस ढोल. यंदा मनगटानं दगा दिला, तेव्हा बैठक घेऊन मला 'मार्गदर्शक' केलं. मार्गदर्शक म्हणजे जिला शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावली ती. ताशा गेला भांड्यांच्या दुकानातल्या पोरीकडे. हिला काड्या कशा धरायच्या हे मी शिकवलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली.

मला पाहिल्याबरोबर कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. सात वर्षांत मला त्या शेडमध्ये कुणी खुर्ची दिली नव्हती. मी वजनकाट्याच्या ओट्यावर जाऊन बसले.

यंदाचा कार्यक्रम म्हणजे सगळा थाटमाट. कंबरेला लुकलुकणारे दिवे, मध्येच धूर, चौघेजण मोबाइल धरून सारखे आडवे येणार. ढोलाच्या दोऱ्या मात्र ढिल्या. झांजवाल्या मुली एकमेकींकडे बघून हसत होत्या. माझ्या वेळी हसली असती एखादी, तर तिला मी पुन्हा रांगेत उभी केली नसती. मनात म्हटलं, पडा तोंडावर, आणि पडा ते गावासमोर पडा.

पण माझा जीव अडकला होता एकाच गोष्टीत. शेवटचा ताल मी बसवलेला होता. त्यात तिसरी फेरी संपली की एक ठोका सोडायचा. चाळीस ढोल एकदम गप्प, आणि मग पुन्हा भडका. या एका ठोक्यासाठी लोक वर्ध्याहून यायचे असं मी सांगत असे. नव्या पोरांना ऐकवायचे, "हा ठोका वाजवायचा नाही, ऐकायचा." तेवढा एक ठोका यांनी ठेवला, तर त्या पथकात माझं काहीतरी उरलं होतं. नाहीतर शाल होतीच, कपाटात.

तिसरी फेरी संपली. सगळे थांबले.

मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली. वाजवा म्हटलं, काढलंत ना मला, आता दरवर्षी माझ्यापाशी येऊन थांबा.

चहाच्या सुट्टीत पोरगी माझ्याकडे आली. कपाळाचा घाम पुसत खाली पायरीवर बसली.

"ताई, एक विचारू का? थो सोडलेला ठोका भरून टाकू का आता?"

"काऊन?" मी म्हटलं. "तोच तर त्या तालाचा जीव आहे."

तिनं चहाचा कप पायरीवर ठेवला. "नाई, तुमचा हात दुखे ना तिथं. तिसऱ्या फेरीले तुमी मनगट झटकत होत्या. म्हून आमी थांबत होतो. सगळ्याइले माहीत होतं."

"सगळ्यांना?"

"पह्यल्या वर्षापासून. जुन्या ढोलवाल्याइनं मले आल्या आल्या सांगतलं होतं, तिथं ताईसाठी थांबजो." मग घाईनं म्हणाली, "तुमाले ठेवाचा असंन तर ठेवतो ना. आमाले काई जड नाई."

यांना जड नाही. म्हणजे सात वर्षं चाळीस माणसं माझ्या दुखण्यासाठी थांबली, आणि त्यांनाच मी थांबण्याची विद्या शिकवत राहिले. मी ऐटीत सांगायचे आणि ते माना डोलवायचे. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांच्या त्या चांगुलपणाची मला इतकी चीड आली की चहा तसाच ठेवला.

"भरून टाक," मी म्हटलं. "आधीच सांगायचं होतं."

"बरं," ती म्हणाली आणि उठली. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हे मात्र मी तिला शिकवलं होतं.

सुट्टी संपली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. ती जागा आली, आणि ताशानं ती एका सरळ काडीत भरली, ढोल तिच्यामागे सुसाट पुढे गेले. ताल आधीपेक्षा चांगला झाला होता. हे मी कुणाकडे कबूल करणार नाही.

माझी बोटं इतका वेळ ओट्यावर ठेका धरून होती. त्या जागेवर ती थांबली. बाकी कुणीच थांबलं नाही.