मोबाईलमधल्या भिंतीला पाणी

नानांनी ज्याला नावं ठेवली नाहीत असं एकही घर अख्ख्या चोपडा गावात नाही, आणि यात त्यांनी स्वतः बांधलेली घरंही आली. नाना म्हणजे आमचे शेजारी, पेशाने गवंडी. त्यांच्या ओट्यासमोर अरुंद बोळ आणि बोळापलीकडे माझ्या घराची भिंत. लोक खिशात पेन ठेवतात, नाना ओळंबा ठेवतात. भिंत सरळ आहे का ते बघायचं, दोरीला बांधलेलं ते पितळी वजन कुठे आणि कधी बाहेर निघेल याचा नेम नाही. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी हॉलचा कोपरा बघणार, आजाऱ्याला भेटायला गेले की त्याच्या उशाकडच्या भिंतीवर बोटाची टिचकी मारून आपल्या अहिराणीत 'पोकळ शे', म्हणजे पोकळ आहे, असं म्हणणार. मग त्या आजाऱ्याला वाटतं हे आपल्याबद्दलच चाललंय. माझं घर त्यांनीच बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी प्रसादाचा द्रोण बाजूला ठेवून त्यांनी ओळंबा सोडला आणि भरल्या पाहुण्यांत मला उद्देशून जाहीर केलं, "सर, भिंत दोन सूत बाहेर शे." दोन सूत म्हणजे जेमतेम पाव इंच. मी चिडून विचारलं, "बांधली कोणी?" नाना शांतपणे म्हणाले, "मीच बांधी. म्हनीसन तं सांगस."

तीन वर्षांपूर्वी नाना बांधकामाच्या परांचीवरून पडले. जीव वाचला, पण उजव्या हातातली ताकद गेली. चहाचा कप कसाबसा धरता येतो, थापी धरली की गळून पडते. ज्या माणसाने चाळीस वर्षं विटेवर वीट ठेवली तो दिवसभर ओट्यावर बसून राहू लागला, आणि समोर माझी भिंत! येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते त्या दोन सुतांची कथा सांगत. भाजीवाली, पोस्टमन, गॅसचं सिलिंडर आणणारा, कोणी सुटलं नाही. शेवटी भिंतीची अब्रू वाचवण्यासाठी मीच एक युक्ती केली. धुळ्याला कॉलेजात असलेली माझी मुलगी सुट्टीत आली होती. तिच्या जुन्या मोबाईलात ठोकळ्यांचा एक खेळ होता. जुन्या व्हिडिओ गेमसारखी जाडीभरडी चित्रं, डोंगर चौकोनी, ढग चौकोनी, मेंढ्यासुद्धा चौकोनी. आपण त्या जगात हिंडायचं, झाड तोडून लाकूड घ्यायचं, लाकडाची कुदळ करायची, कुदळीने माती आणि दगड खणायचे, भट्टीत विटा भाजायच्या आणि मनाला येईल ते बांधायचं. सगळं एका अंगठ्याने होतं, आणि नानांचा डावा अंगठा ठणठणीत होता. मोबाईल मी त्यांच्या हातात दिला.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. मुलीने त्यांना भिंत उचलून दाखवली आणि खालचे ठोकळे काढून घेतले. वरचे जिथल्या तिथे हवेत राहिले. नाना मोबाईल लांब धरून ओरडले, "बिना आधारना स्लॅब? हाई तं सरकारी काम दिखस!" या खेळात पाया लागत नाही हे तिने त्यांना परोपरीने सांगितलं. नानांनी तरीही घट्ट खडक लागेपर्यंत पाया खणला, एक ठोकळा म्हणजे दोन फूट असं माप ठरवलं, आणि भिंत वर आली तशी मोबाईल पत्र्याच्या डब्याला टेकवून त्याच्यापुढे खरा ओळंबा सोडला. डबा कलता निघाला, म्हणून आधी डब्याखाली कागदाची घडी घातली. पण कमाल झाली ती पाणी मारण्याची. खऱ्या भिंतीला सात दिवस पाणी मारायचं असतं, नाहीतर सिमेंट कच्चं राहतं. नानांनी खेळातली बादली शोधून काढली आणि भिंतीच्या माथ्यावरून पाणी सोडलं. सगळं घर पाण्याखाली गेलं, एक मेंढी माजघरात तरंगू लागली. त्या जगात दिवस वीसेक मिनिटांत मावळतो, म्हणजे दोन-अडीच तासांत सात दिवस उरकले असते. पण नानांचा विश्वास सिमेंटवर होता, खेळावर नव्हता. त्यांनी आपले खरे सात दिवस मोजले, सकाळ-संध्याकाळ न चुकता.

हे घर कोणासाठी चाललंय ते मला उशिरा कळलं. नानांच्या घरी अक्का आहेत, त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, हसऱ्या, आणि नवऱ्याला जिथल्या तिथे ठेवणाऱ्या. गल्लीतल्या प्रत्येक बाईला नानांनी स्वयंपाकघरात खिडकी करून दिली, पण अक्का लग्नानंतर तात्पुरत्या म्हणून उभारलेल्या पत्र्याच्या छपराच्या घरात, बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत राहिल्या. "ही दिवाळी होऊ दे" असं म्हणता म्हणता नाना लोकांच्या घरी जात राहिले, आणि मग हातच गेला. मी म्हणालो, दुसरा गवंडी बोलवू. नाना ताडकन म्हणाले, "दुसरानी थापी मन्ही भिंतले लागाव नही." म्हणून ती खिडकी मोबाईलमध्ये होत होती. अक्का मात्र तिकडे ढुंकून बघायला तयार नव्हत्या. "चाळीस वरीस यास्ना शब्दवर काढात," त्या मला म्हणाल्या, "आते मोबाईलना घरमा कशी ऱ्हासू, सर?" हसतच म्हणाल्या, पण नाना उठून बाहेर गेले. मलाही फार वाईट वाटलं.

एक दिवस भर दुपारी वीज गेली. मी शेवभाजीची वाटी परत द्यायला गेलो होतो. आत मिट्ट काळोख, तव्यावर भाकरी. बॅटरीच्या उजेडासाठी अक्कांनी फळीवरचा मोबाईल उचलला आणि बॅटरी लावायच्या ऐवजी तशाच बघत राहिल्या. पडद्यावर स्वयंपाकघर होतं. ओटा, भट्टी, आणि खिडकीशी उभा राहिलेला खेळातला माणूस. भाकरी करपल्याचा वास आला तरी त्या हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "हाऊ माणूस उंच शे. माले या खिडकीमातून काही दिखाव नही. मी बुटकी शे."

दाराशी बसलेले नाना पुढे आले. चुलीतला कोळसा घेतला, अक्कांना भिंतीशी उभं केलं आणि डाव्या हाताने त्यांच्या हनुवटीच्या उंचीवर एक वेडीवाकडी रेघ ओढली. चाळीस वर्षांत गल्लीभराच्या बायकांची मापं घेतली, हे एक राहिलं होतं. रेघेकडे बघत ते मला म्हणाले, "सर, बलावा कोणले तरी."

पूर्वी त्यांच्या हाताखाली असलेला गवंडी आला. दोन दिवस नाना स्टुलावर बसून त्याला शिव्या घालत होते आणि ओळंबा सोडत होते. खिडकी झाली. तीतून पहिली दिसते ती माझीच भिंत. अक्कांनी निवांत निरखून निकाल दिला, "सरनी भिंत सरळच तं शे!" नानांनी तो ऐकला नाही असं दाखवलं.

आता नाना रोज सकाळ-संध्याकाळ शेजारी बादली ठेवून डाव्या हातातल्या तांब्याने खिडकीच्या कडांना पाणी मारतात. आतून अक्का ओरडतात, "भाकर वली व्हयनी!" आज महिना होत आला. परवा मी म्हणालो, "नाना, सात दिवस कधीच झाले." नाना तांब्या रिकामा करत म्हणाले, "कमी पडाले नको." बादली रिकामी झाली होती. ती मी आमच्या नळावर भरली आणि त्यांच्याजवळ नेऊन ठेवली.