गाठींची दोरी

शिंपी गळ्यात टेप घालून बसे, पण माप घेई दोरीने. छातीला गाठ, कंबरेला गाठ, बाहीला गाठ, की दोरी थेट कापडावर. गिऱ्हाइकांना वाटे, हा याचा नखरा. खरं एवढंच, की टेपेवरच्या आकड्यांचा अर्थ त्याला कधी लागलाच नव्हता. वडील कधीच गेले, आवाज मात्र दुकानातच मुक्कामाला होता. कात्री उचलली की मागून यायचा, "दगड! नुसता दगड!" शिंपी मान वर करत नसे.

आता लेकीचंही तेच. वाचनात पटाईत, बेरजेपाशी घोडं पेंड खाई. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "आकड्यांच्या अडचणीला सरकारी यादीत नावच नाही. नाव नाही, म्हणून सवलत नाही. गणितात अडकली की शाळा संपली तिची. समिती बसलीये व्याख्या करायला. जन्मभर असं काढलेलं एखादं प्रौढ माणूस समितीसमोर बोललं, तर उपयोग होईल."

इतकी वर्षं झाकलेली मूठ चारचौघांत उघडायची! पण लेक पायरीवर बसून बोटं मोजत होती, चुकत होती, पुन्हा मोजत होती. तो गेला.

लांबलचक टेबलापलीकडून अध्यक्षांनी मसुदा वाचला, "बुद्धी शाबूत, शिकवणी पुरेशी, तरी आकड्यांचा अर्थ न लागणे." शिंप्याला तो आपल्याच मापाचा सदरा वाटला. मग त्याने खिशातून दोरी काढून दाखवली.

"ही कुणी शिकवली?"

"अण्णांनी. वडील माझे. तेही शिंपीच."

"मग ते टेप कधी वापरायचे?"

"म्हणजे काय, रोजच—" शिंपी म्हणता म्हणता हातातल्या दोरीकडे बघू लागला. अण्णांच्या गळ्यात टेप होती. ती गळ्यातून उतरलेली त्याने कधी पाहिली नव्हती. हातात कायम दोरीच.

"नाही," तो म्हणाला. "त्यांनाही येत नव्हतं."

काही महिन्यांनी यादीत नाव चढलं: गणन-अक्षमता. लेकीला सर्टिफिकेट मिळालं. ते दुकानात दाखवून ती घरी पळाली आणि शिंप्याने कात्री उचलली.

"दगड!" आवाज आलाच.

आज शिंप्याने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पण म्हातारा जन्मभर कुणाला शिव्या घालत होता, ते त्याला कळलं होतं.

"अण्णा, बसा आता," तो म्हणाला. "आपल्याला नाव मिळालंय."

आवाज थांबला. शिंप्याला त्या माणसासाठी पहिल्यांदा रडू आलं.