हिरवं काळीज

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणायचे. मुलं हाताशी आल्यावर ती पुन्हा शिकायला आली होती, आणि बरोबरची पोरं तिच्या लेकीच्या वयाची.

माशांच्या खोलीत तिच्या टाक्यांची एक रांग होती. त्यात करंगळीपेक्षा लहान, निळ्या पट्ट्यांचे मासे. समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात एक प्रथिन असतं. निळा उजेड पडला की ते हिरवं चमकतं. ते घडवणारं जनुक केसाहून बारीक काचेच्या सुईने माशाच्या ताज्या अंड्यात टोचायचं, आणि ते फक्त हृदयातच जागं होईल अशी सोय करायची, हे मावशीचं काम. साधलं, तर जिवंत माशाचं काळीज न कापता डोळ्यांनी बघता येणार होतं. जखमेनंतर ते पुन्हा कसं भरून येतं, तेही.

टोचलेल्या अंड्यांतली पिल्लं चमकली, तेव्हा तिने अख्खी प्रयोगशाळा गोळा केली. सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि हळूच विचारलं, "मावशी, यांना सकाळी खायला घातलंस का?"

"पोटभर, सर."

"तेच दिसतंय. हे पोट आहे. काळीज नाही, पोटातलं खाणंच आपसूक चमकतंय."

पोरांची हसून हसून मुरकुंडी वळली. घरी नवरा म्हणाला, "उपाशीपोटी कुणाला सोडशील तर शपथ!" तीही हसली, पण मनातून खट्टू झाली.

जनुक निदान पुढच्या पिढीत उतरेल, या आशेने तिने तेच मासे वाढवले, आणि त्यांनी अंडी घातली. सरांनी बजावलं, "या खेपेला काळोख असेल, तर टाक्या शेजारच्या गटाला जातील." त्या गटातला लंबू सकाळीच बादली घेऊन दारात हजर.

"मावशी, रिकाम्या करू लागू का?"

"दम धर रे. अजून जीव आहे त्यांच्यात."

पडदा ओढून तिने निळा दिवा लावला. काचेसारख्या कवचाआड पिल्लं वळवळत होती. पहिली बशी काळी. दुसरीही काळी. सगळ्याच माशांकडून जनुक पिल्लांत उतरतं असं नाही, हे ठाऊक असूनही तिने दोन्ही बश्या पुन्हा तपासल्या. शेवटची बशी तिने जपून मायक्रोस्कोपखाली सरकवली.

अंधारात हिरवं काही मिटलं, उघडलं. पुन्हा मिटलं. दोन कप्पे, आधी एक, मग दुसरा, एकमेकांना साद दिल्यासारखे. त्या बशीत एकच नाही, कितीतरी काळजं धडधडत होती.

"सर," ती म्हणाली, "या बघायला. सगळी उपाशी आहेत."

सर वाकले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा फक्त म्हणाले, "हृदयच आहे." मग पोरांनी इतका कल्ला केला, की मावशीला दटावावं लागलं.

लंबूनेही बादली खाली ठेवून डोळा लावला. "मावशी, यातली थोडी मला देशील?"

"देईन की," मावशी मान ताठ करून म्हणाली. "आधी तुझ्या दोन टाक्या घासून आण. माझ्या पिल्लांना जागा लागेल."