गुरुजींची मान

आमच्या गल्लीतल्या गुरुजींची मान त्यांच्या ताब्यात नव्हती. संथपणे बोलता बोलता ती एकदम उजवीकडे नाहीतर डावीकडे झटका खायची आणि घशातून बारीकसा हुंकार निघायचा. लहानपणापासूनचं हे दुखणं. पण त्याला दुखणं म्हणायचं अमरावतीत कोणाच्या मनात आलं नाही. गुरुजींपुढे पत्रिका ठेवायची, प्रश्न विचारायचा आणि मानेकडे बघायचं. उजवीकडे गेली तर होकार, डावीकडे गेली तर नकार. शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारीसुद्धा बगीचा घेण्याआधी चक्कर टाकून जायचे. पौरोहित्य राहिलं बाजूला, गुरुजींचे 'मानगुरुजी' झाले.

"अरे, मले मान हालवाचा रोग आहे, मी का देव आहो?" असं ते चिडून सांगायचे. सांगता सांगता मान हलायची आणि समोरचा हात जोडून उठायचा. मला याचं हसू यायचं. पण पलीकडच्या वकिलांनी मान डावीकडे गेली म्हणून मुलीचं जुळलेलं लग्न मोडलं, तेव्हा गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. "माय, मरायच्या आधी ही मान माही झाली पायजे," ते मला म्हणाले. मी कॉलेजात शिकवते, चार ठिकाणी चौकशी करू शकते. अकोल्याच्या एका दवाखान्यात अशा दुखण्यावर नवे उपचार होतात, हे मीच शोधून काढलं.

तिथे डोक्याच्या मधोमध चुंबकाचं यंत्र टेकवायचे. ते टकटक वाजायचं. "कोनी आतून दार वाजवून राह्यलं," गुरुजी म्हणायचे. ते झालं की लगेच शेजारच्या खोलीत तिथल्या थेरपिस्ट मॅडम सराव घ्यायच्या. झटका येण्याआधी काय जाणवतं ते ओळखायचं, आणि जाणवलं की हनुवटी किंचित खाली, खांदे स्थिर, श्वास सावकाश. ती ओढ ओसरेपर्यंत तसंच बसायचं.

"काय जाणवतं, गुरुजी?" मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मांगं कोनी येऊन उभं राह्यते. त्याचा श्वास मानेले लागते. मान हालवली का तो जाते."

मॅडम शांत होत्या. झटक्याआधी अशी काहीतरी कुणकुण पुष्कळांना लागते, म्हणाल्या. "त्याला घालवू नका. तो असतानाच मान धरून बसा." हे ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

संध्याकाळी गुरुजी ओट्यावर सराव करत बसायचे. "आला," ते हळूच म्हणायचे. थोड्या वेळानं म्हणायचे, "गेला." एकदा 'आला' म्हटल्यावर 'गेला' येईचना. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण मान जागची हलली नाही. मी, विज्ञान शिकवणारी बाई, वळून त्यांच्या मागे बघितलं. मागे नुसती भिंत होती.

हळूहळू मान स्थिर झाली. गुरुजी आरशासमोर उभे राहून लहान मुलासारखे हसायचे. पण गल्लीला ते मानवलं नाही. एक जण आजारी बापाची पत्रिका घेऊन आला. मान हलली नाही, तसा तो पांढराफटक पडून निघून गेला. मान हलत नाही म्हणजे त्या माणसाचं पुढे काही उरलंच नाही, असं लोकांनी ठरवून टाकलं. बायका त्यांना बघून रस्ता ओलांडू लागल्या.

अशात माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं. गुरुजींना विचारल्याशिवाय आत जाणार नाही, असं ती धरूनच बसली. ते दवाखान्यात आले.

"गुरुजी, मी जित्ती बाहेर येईन ना?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मान उजवीकडे गेली. आई हसत हसत आत गेली.

बाहेर बाकावर ते दोन्ही हातांनी मान धरून बसले होते. "मुद्दाम हलवलीत ना? फार बरं केलंत," मी म्हटलं.

"हालवनारच होतो, माय. पन माह्या आधी ती हालली."

आई वाचली. आणि गुरुजींची मान पुन्हा सुरू झाली. हे दुखणं असं कमीजास्त होतच असतं, परत या, म्हणून मॅडमनी निरोप धाडला. चला म्हणून मी तर गुरुजींचा हातच धरला. "नाई जमत," ते म्हणाले. "तुह्या मायले त्या मांगच्यानं परत धाडलं. आता त्याले कोन्या तोंडानं अडवू?" मला त्यांचा भयंकर राग आला. रडूही आलं.

पुढे ते चांदूर रेल्वेला मुलाकडे राहायला निघाले. मी एसटीच्या खिडकीशी उभी होते. आता पुन्हा भेट होईल का, एवढंच माझ्या मनात आलं; तोंडून काही काढलं नाही. गुरुजींची मान डावीकडे गेली.

"माय, हे म्या नाई केलं," ते घाईघाईनं म्हणाले, आणि गाडी हलली.

मी चांदूरला गेले ती त्यांच्या तेरवीलाच.