वारा विचारून काडी ओढणारा साडू

ओमानमधल्या बरका गावी, मी कामाला आहे त्या खजुराच्या बागेत वाळकं गवत पेटवलं, आणि त्या गवताखाली मीच बसवलेल्या ठिबकच्या नळ्या आहेत हे मला त्या वितळल्यावर आठवलं. यात माझ्या साडूचा काडीइतकाही दोष नाही. पण आगीवर इतका जीव असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्याच घरी पाहुणा आला होता.

साडू फिनलंडच्या जंगलखात्यात आहे. जंगल जाळायचा त्याला पगार मिळतो. तिकडे माणसांनी वणवे इतके नेमाने विझवले की आगीवर जगणारे जीवच उपाशी राहिले म्हणे. म्हणून हे लोक पाइनच्या रानाचा एक तुकडा आखतात, कडेची जमीन उकरतात, पाण्याचे पंप मांडतात आणि तेवढंच बेतानं जाळून जळकी झाडं उभी ठेवतात. मग एक काळा भुंगा दुरून धुराचा माग काढत येतो आणि त्या झाडांत अंडी घालतो. भुंग्याचा विषय निघाला की माझी मेहुणी निमूटपणे भांडी घासायला उठते. "आणि एक रानफूल आहे," साडू मला सांगायचा, "त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. आग लागल्याशिवाय उगवतच नाही!" तोवर माझी आमटी निवलेली असायची. आमच्याकडे गॅस पेटवायचा तरी हा आधी पडदा कुठे हलतोय ते बघायचा, आणि उदबत्तीखाली ओलं फडकं ठेवायचा.

मी कोकणातला. पावसाआधी भाताच्या तरव्याची जमीन भाजणारी आम्ही माणसं. आगीचं शिक्षण आम्हाला पाळण्यातच. बागेतलं गवत जाळू या म्हटलं, तर साडू रोज मूठभर माती हवेत सोडून म्हणायचा, "आज नको. दुपारी समुद्राचा वारा फिरतो. आम्ही तिकडे एका दिवसासाठी अख्खा उन्हाळा थांबतो."

"साडूबुवा, असा विचार केला असता तर आमच्या गावाने भात दिवाळीत लावला असता!"

शुक्रवारी दुपारी तो घोरायला लागला आणि मी काडी ओढली. वारा फिरला. आग निघाली ती थेट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, आजोबांनी लावलेल्या खजुराकडे. साडू अनवाणी, लुंगी सावरत, फिनलंडच्या भाषेत ओरडत आला आणि ओल्या गोणपाटाने बडवून त्याने ती बुंध्याशी विझवली. खजूर वाचला. नोकरी गेली असं धरून मी मनातल्या मनात बॅग भरली.

अर्बाब आला, राख बघितली, वितळलेली एक नळी उचलून माझ्या हातात ठेवली. त्याहून वाईट ते काय? मग उरलेली सगळी रजा साडू गुडघ्यांवर बसून नळ्या जोडत राहिला, मधूनच राख हुंगत आणि भुंगा शोधत. अर्बाब रोज कहवा घेऊन त्याच्याशेजारी बसू लागला. दोघं वाऱ्याविषयी बोलत, आणि मी पाने-पकडी धरून उभा.

साडू गेला. परवा त्याचा फोन आला, "काही उगवलं का हो?"

मी बागेच्या जळक्या कोपऱ्यात गेलो. काळ्या मातीतून हिरवी पाती वर आली होती. "गवत आलंय. भुंगा नाही."

"इन्शाल्ला," तो हळूच म्हणाला. बहुधा तिकडे बर्फ पडत असावा.

मागे अर्बाब उभा होता. फोन कुणाचा ते त्याने ओळखलं.

"साडू को इधर रखने का था," तो म्हणाला. "फिनलंड तुम को भेजने का था."