खांद्यातली गोळी

काकांच्या उजव्या खांद्यात गोळी आहे आणि थंडीत ती जागा बदलते, असं गल्लीतले लोक इतक्या खात्रीने सांगत, जणू त्यांनीच ती आत ठेवली होती. खरं तर काकांवर जन्मात कुणी गोळी झाडली नव्हती. फौजेत ते कोठारावर होते. एकदा ट्रक रिकामा करताना मागचा लोखंडी फाळका निसटला, आणि खाली वाकलेल्या ड्रायव्हरच्या डोक्यात बसायच्या आत काकांनी तो खांद्यावर घेतला. दवाखान्यात गेलं की कामचुकार म्हणतात, म्हणून गेले नाहीत. तेल चोळलं आणि पुन्हा पेट्या उचलल्या.

"गोळीच लागायला हवी होती," काकू म्हणायची. "नोंद तरी झाली असती."

आता अपंगत्वाच्या पेन्शनसाठी पुरावा हवा होता. ती मिळाली नाही, तर त्याच खांद्याने गोदामातली पोती उचलणं सुटणार नव्हतं. पुतणीने मनावर घेतलं. घरात तिला सगळे रेडिओ म्हणत. नकला करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने त्या ड्रायव्हरला शोधून काढलं. त्याने रडत रडत जबाब लिहून दिला, आणि रेडिओने घरी येऊन तो हुंदक्यांसकट ऐकवला. काकूनेही लिहून दिलं, की यांना डोक्यातून घालायचा सदरा घालता येत नाही, बटणंसुद्धा मीच लावते. एक्स-रे झाला. राहिली फक्त फौजेच्या डॉक्टरांची तपासणी.

काकांना धास्ती वेगळीच होती. वर्दीतला डॉक्टर दिसला की हात आपोआप सलामीला जाणार. मग रेडिओ रोज बाबांचा कोट चढवून, घसा खाकरत खोलीत शिरायची आणि जाड्या आवाजात विचारायची, "काय जवान, कुठं दुखतंय?" काका पोट धरून हसायचे. हात जागचा हलायचा नाही.

"नाही जात तुमचा हात. लावा पैज."

"जाणार गं. हरलीस तर महिनाभर नकला बंद."

तपासणीच्या खोलीत डॉक्टर आले ते अगदी हळू पावलांनी. खाकरलेसुद्धा नाहीत. काका ताडकन उठले. हात खाडकन कपाळाला. चेहरा पांढराफटक पडला, पण हात खाली येईना. समोरच्याने मान हलवल्याशिवाय तो खाली आणायची त्यांना सवयच नव्हती.

डॉक्टरांनी मान हलवली, बसायला सांगितलं आणि हात हळूहळू बाजूने वर न्यायला लावला. तो छातीपर्यंतही गेला नाही.

"मघाशी कसा गेला?" डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि लिहू लागले. पुराव्यांचं पाकीट त्यांनी उघडलंच नाही. रेडिओ सवयीबद्दल काहीबाही सांगू लागली, तर तिला बाहेर थांबायला सांगितलं.

परतताना बसमध्ये काका खिडकीशी बसले, दुखरा हात मांडीवर धरून. मग म्हणाले, "त्या डॉक्टरचा आवाज काढ ना. 'मघाशी कसा गेला?' म्हणाला, तो."

आवाज तिच्या घशात तयार होता, अगदी हुबेहूब.

"नाही काढता येणार, काका," ती म्हणाली. "हरले ना मी."